मजीदची यानिना

मला सिनेमाचा राग आला नाही, सिनेमा चांगलाच होता. राग आला तो शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याचा.

मजीद पोलंडच्या बोटीवर खलाशी. तिकडची भाषा शिकला, तिकडच्या शाळांत शिकवतात ती जुनी कादंबरीही त्यानं वाचली. दर सुट्टीत घरी आला की मला आणि माझ्या जावेला तिचा पुढचा भाग सांगायचा. त्यातल्या यानिनाचा नवरा लढाईवर गेलेला, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ती एकटी वाट बघतेय. आम्ही कोळंबी सोलता सोलता डोळे पुसायचो. शेवटी म्हणे नवरा परत येतो, ती दारातच उभी असते.

त्याच सुमारास राजापूरच्या शाळेत मला नोकरी मिळत होती. मजीद एवढंच म्हणाला, "यानिना गेली असती का गो?" मी नोकरी सोडली. शहाणी ना मी!

२००३ साली कॉलेजच्या फिल्म क्लबनं त्याच कादंबरीवरचा सिनेमा आणला. मजीद आठवडाभर कुरकुरत होता, "कशाला जायचं? सिनेमावाले गोष्टीची वाट लावतात." आमची लेक अलिझा हट्टानं आम्हाला घेऊन गेली आणि पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी माझ्या कानात मराठीत सांगत बसली.

पडद्यावर यानिनानं घोडागाडी जोडली, शहर गाठलं, छापखान्यात कामाला लागली. नवरा परतला तेव्हा घराला कुलूप होतं.

"बघ, सगळं बदललं," मजीद पुटपुटला.

तेवढ्यात क्लबच्या दर्शना मॅडम उभ्या राहिल्या. कादंबरीचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वाचलं होतं. म्हणाल्या, "शेवट जसाच्या तसा पुस्तकातला आहे, हे विशेष."

मजीदनं मान खाली घातली. मी त्याला गेटपर्यंतही जाऊ दिलं नाही.

"तुम्ही खोटं सांगितलंत?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! सांगितलंत की नाय?"

"भ्यालो गो," तो म्हणाला. "मी वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर. वाटलं, तू गेलीस तर मी येईन तेव्हा घर बंद असेल."

माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं चुलीत घातली ती या भीतीपायी!

"राजापूर काय पोलंडात हाय?" मी ओरडले. "मी गेले असते. आणि तुमच्या प्रत्येक सुट्टीला, तुमच्या आधी एस.टी.नं येऊन दार उघडलं असतं."