दाखल्यात नसलेलं नाव

सोमवारी सकाळी झुंबरबाईने लेकीचे दोन्ही हात धरून खसाखसा चोळले.

"थंडगार पडलेत. असल्या हातानं कुणाम्होरं जाऊ न्हाई."

"आई, मला बाळंतपण करायचं नाही, नोकरी मागायची आहे," पुष्पा हात सोडवून घेत म्हणाली.

"येकच की गं. समोरच्याला दचकवायचं न्हाई."

झुंबरबाई राजूरची सुईण. मुलाखत आहे असं कळल्यावर सरकी-कापसाच्या गाडीत बसून आदल्या दिवशीच ती जालन्याच्या दवाखान्यात नर्स असलेल्या पुष्पाकडे आली होती. समुद्रापलीकडच्या मोंबासाच्या एका दवाखान्याला नर्स हव्या होत्या, आणि तिथले डॉक्टर फर्नांडिस स्वतः मुली निवडायला आले होते. साल एकोणीसशे छत्तीस. निजामाच्या मुलखातल्या मुलीला तेव्हा मुंबईसुद्धा परदेश वाटायची, मोंबासाचं तर नावच घेऊ नका!

झुंबरबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"मंग सायबानं कुणाची पोर म्हून इचारलं तर?"

"तिकडे असं कोणी विचारत नाही. कागद बघतात."

"कागदाला काय कळून राह्यलंय! मी येते संगं. दोन शब्द सांगते."

"तू व्हरांड्यातच बस. आणि कुणाशी बोलू नकोस."

झुंबरबाईचं काही चुकत नव्हतं. राजूरला सालगडी ठेवायचा असो की खुरपणीला बाई लावायची असो, पहिला प्रश्न 'कुणाची?' हाच असे. आईबापाचं काम माहीत असलं की पोराचं कळलं. पुष्पाला मात्र नेमका तोच प्रश्न नको होता.

मुलाखत बरी चालली. डॉक्टर गोव्याचे, मराठी कोकणी वळणाची पण समजण्याजोगी. पुष्पाचा दाखला वाचता वाचता ते थांबले.

"हे काय आहे? मूल निळं पडलं होतं, श्वास नव्हता. तुम्ही नाळ कापली नाही?"

"नाही सर. नाळ तशीच ठेवून, मागून पडलेली वार कोमट पाण्यात धरली. मुलाची पाठ चोळत राहिले. थोड्या वेळाने ते रडलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "वा! तिकडे अडाणी सुईणींच्या हातून बायका मरतात. त्यांच्यापासून बायकांना सोडवायलाच आम्हाला शिकलेल्या मुली हव्यात. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

खिडकीपलीकडे व्हरांड्यात झुंबरबाईचं लुगडं दिसत होतं.

"पुस्तकात वाचलं होतं," पुष्पा म्हणाली.

"कोणतं पुस्तक?"

"नाव आठवत नाही, सर."

स्वतःहून वाचन करणारी मुलगी! डॉक्टर खूश झाले, तसं त्यांनी दाखल्याच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवलं. ते औरंगाबादला जाऊन बारा दिवसांनी परतणार होते, तेव्हा करारावर सही व्हायची होती.

बाहेर येताच आईने विचारलं, "माजं नाव निघालं का गं?"

पुष्पा म्हणाली, "निघालं."

"खरं? लिवून घेतलं सायबानं?"

"हो. लिहून घेतलं."

झुंबरबाईने पदराने तोंड पुसलं, आणि नेहमी पुढे चालणारी ती बाई त्या दिवशी लेकीच्या मागून हळूहळू चालत गाडीपर्यंत आली. त्यांचा साधासुधा म्हणावा असा हा शेवटचा दिवस.

दुसऱ्या दिवशी हसनाबादहून एकाने झुंबरबाईला राजूरला बोलावणं धाडलं. गावात पटकीची साथ होती, अडलेल्या बाईजवळ जायला कोणी तयार नव्हतं. झुंबरबाई गेली. बाई सुटली, मूल जगलं. झुंबरबाई परत आली ती बैलगाडीत आडवी होऊन. जालन्याला निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुष्पा राजूरला आली तेव्हा दारात बायका बसल्या होत्या. शेजारच्या तुळजाबाईने तिला जवळ ओढलं.

"लई नशिबाची होती गं तुजी माय. जालन्याहून आल्ती तशी घरोघर सांगून आली. माजं नाव सायबाच्या कागदावर चढलंय, बोटीत बसून जायाचं हाये म्हणे! आमी चेष्टा केली, झुंबरे, तू न्हाई तर तुजं नाव तरी दर्या बघून येईल. तर हसली. म्हणली, हसनाबादेला कुणी जाईना, पर कागदावर नाव असलेल्या बाईनं घरी बसून कसं चालंल?"

ज्या घरात झुंबरबाई मूल पहिल्यांदा हातात घ्यायची, त्याच घरात तिला पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. ते बघून लहानपणी पुष्पाचा संताप व्हायचा. आणि तिने स्वतः काय केलं होतं? आईला व्हरांड्यात बसवलं, आईचा हुनर आत नेला. ओंजळीत पाणी ओतणाऱ्यांनी निदान कधी सांगितलं नव्हतं की मूल आपोआप बाहेर आलं!

दहावं झाल्यावर ती जालन्याला परतली. वॉर्डातली म्हातारी आया इमामबी चादरी घडी करत होती. पुष्पाने तिला सगळं सांगून टाकलं.

"उद्या सही आहे, इमामबी. खरं सांगितलं तर नोकरी जाईल. आणि आता सांगून तरी काय? ती थोडीच ऐकणार आहे?"

इमामबीने चादर खाली ठेवली.

"तिच्यासाठी सांग असं मी कुठं म्हणतेय, बेटी? ती तर खूश होऊन गेली. तुझं बघ. मोंबासाला जाशील, तिथं बी कुणी सुईण दारात येईल. तिला तू काय म्हणशील? चल हट? अगं, तिच्याच हातातलं घेऊन तिलाच हटवशील?"

"पण डॉक्टर..."

"डाक्टर ठेवतील नाही तर काढतील. तो त्यांचा हिसाब. तू तुझ्या मायला झूट बोललीस ते खरं करणं तुझ्या हातात आहे. बिलकुल तुझ्याच हातात!"

वाचकहो, परमुलखात नोकरी मिळवायची तर नीट बोलावं लागतं, चांगले कपडे घालावे लागतात, दाखले दाखवावे लागतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मालकावर छाप पडावी म्हणून ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांनाच आपण खोडून टाकतो, आणि त्याला शिकणं म्हणतो. आपल्यापैकी किती जणांनी कुणाला ना कुणाला असं व्हरांड्यात बसवलं असेल! तिथे बसलेलं माणूस कायम बसून राहत नाही.

शनिवारी डॉक्टर फर्नांडिसांनी करार पुढे सरकवला, टाक दौतीत बुडवून तिच्या हातात दिला. पुष्पाने तो टेबलावर ठेवला. तिचे हात गार पडले होते. तिने ते एकमेकांवर चोळले, चांगले ऊन होईपर्यंत चोळले.

"काय झालं, सिस्टर?"

"सर, त्या दिवशी मी खोटं बोलले. पुस्तक वगैरे काही नव्हतं. तुम्ही ज्यांना अडाणी म्हणालात, त्यांच्यातल्याच एकीने मला ते शिकवलं. तिला लिहिता येत नव्हतं. त्या दिवशी ती याच खिडकीबाहेर बसली होती आणि मी तिला आत बोलावलं नाही. आता तुम्हाला सही नको असेल तर राहू द्या. पण त्या दाखल्यावर पुस्तक खोडा आणि तिचं नाव लिहा. झुंबरबाई, राजूरची सुईण. मी तिची मुलगी."