हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

केंद्राच्या फाटकाशी गाडी लागली, तेव्हा बाई पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या होत्या. डब्यात पेनड्राइव्ह होते. घरात मार खाणाऱ्या बायका इथे येऊन बोलायच्या. पुढच्या खेपेला तेच दुखणं पहिल्यापासून उगाळायला लागू नये, म्हणून केंद्र चालवणाऱ्या बाई त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायच्या. नाव कुठेही नाही. जिने-तिने आपल्या आवडीचा दोरा बांधायचा आणि त्यावरून आपला ओळखायचा. "हे तुझ्यामाझ्यात राहील," असा शब्द बाईंनी प्रत्येकीला दिलेला. आता केंद्रच बंद होत होतं, म्हणून ते सगळे मोडून टाकायला बाईंनी यंत्रवाल्याला बोलावलं होतं.

गाडीच्या पोटात लोखंडी दातांचं यंत्र होतं. यंत्रवाल्याची रीत साधी. माल फाटकाबाहेर न्यायचा नाही, दारातच चुरा करायचा, आणि ज्याचा माल त्यानेच आपल्या हाताने यंत्रात टाकायचा. "मी हात लावला, की उद्या तुमच्या मनात शंका," तो म्हणाला.

बाई उठल्या, तोच दीर हजर. केंद्र ज्या संस्थेचं, तिचा अध्यक्ष ना तो! फुकटचं मोठेपण कुठे मिळतंय, याचा वास त्याला बरोबर लागतो.

"वहिनी, थांबा जरा. यावर फिल्म करायचीय. आवाज बदलून घेऊ, कुणाला कळणारसुद्धा नाही. संस्थेचं नाव होईल."

"संस्थेचं की तुमचं, भाऊजी?"

"अध्यक्ष म्हणून सांगतोय. डबा इकडे द्या."

"उद्यापासून सांगा. आज संध्याकाळपर्यंत केंद्र माझ्या ताब्यात आहे."

याच माणसाच्या घरात बाईंनी उभा जन्म खाली मान घालून काढला होता. पण डबा काही त्यांनी सोडला नाही.

दीर हसला. "एवढं काय मनाला लावून घेता? तुमचं काय जातंय त्यात?"

बाईंनी हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह वर काढला. "हा माझा. आतल्या त्या खुर्चीत पहिली मीच बोलले. तुमच्या दादांनी माझे काय हाल केले, ते सगळं आहे यात. आणि तेव्हा शेजारच्या खोलीत तुम्ही रेडिओ मोठा करायचात, तेही आहे."

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. यंत्रवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"मग... तेवढा मोडा," दीर पुटपुटला. "बाकीचे द्या."

घ्या! लोकांच्या लेकीबाळींचं रडणं चव्हाट्यावर मांडायला निघालेला हा गृहस्थ, स्वतःच्या घराचं नाव निघताच कसा ढेपाळला बघा.

बाईंनी हिरवा परत डब्यात टाकला आणि त्या यंत्राजवळ गेल्या. एकेक दोरा सोडवून मुठीत घेतला आणि एकेक पेनड्राइव्ह आत टाकला. यंत्र करकर चावत राहिलं. खाली चुरा पडला, तो त्यांनी वाकून नीट पाहिला. शेवटी डब्यात हिरवा तेवढा उरला.

"तोही टाका ना," दीर म्हणाला.

"त्या बायकांना मी शब्द दिला होता, भाऊजी. तुम्हाला कुठे दिलाय?" बाईंनी हिरवा उचलून पर्समध्ये ठेवला आणि यंत्रवाल्याला बंद करायची खूण केली. "फिल्म करायचीय ना? माझ्यावर करा. आवाज बदलू नका."