माझी वाकडी लहर

मित्रांनो, मी एक जुना क्रिस्टल ऑसिलेटर आहे. नाव भारदस्त, पण जीव केवढा, तर चिंचोक्याएवढा! माझ्या पत्र्याच्या डबीत स्फटिकाची एक चकती आहे. वीज मिळाली की ती ठरलेल्या वेगाने थरथरते आणि तिच्या ठोक्यावर रेडिओसारखी यंत्रं चालतात. बरीच वर्षं मी एका कारखान्यातल्या यंत्रात इमानेइतबारे राबलो. यंत्र मोडीत निघालं, तसा मीही कुडाळच्या बाजारात जुन्या सुट्या भागांच्या ढिगात येऊन पडलो.

तिथून मला मालवणच्या बाबुशने उचललं. तो रेडिओ दुरुस्त करतो. मेल्विना टीचरच्या नवऱ्याने, लिओनने, हयात असताना स्वतःच्या हातांनी एक रेडिओ सेट बांधला होता. त्यातला ऑसिलेटर गेला होता. टीचर आता घर विकून लेकीकडे म्हापशाला कायमच्या निघाल्या होत्या.

“बाबुश, आयतवारी मी जातंय. त्याआदी एकदा सेट वाजवून दी रे,” त्या म्हणाल्या. “तेचो आवाज आयकान मगे घर बंद करतंय.”

मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. बाबुशने मला वीज दिली आणि लहरी दाखवणाऱ्या यंत्राचे चिमटे लावले. पडद्यावर नीट चौकोनी लहर उमटायला हवी होती. उमटली ती वेडीवाकडी, शिंगं फुटलेली. मी जीव तोडून थरथरत होतो, तरी! तीनदा पाहून बाबुशने मान हलवली.

“टीचर, हो जुनो माल बिघडलेलो आसा. लिओनच्या सेटाक लावूचो धीर होणा नाय.”

सेकंडहँड म्हटलं की दोष आमचाच. टीचर सेट घेऊन घरी परतल्या. रविवारी त्या गेल्या.

सोमवारी एका कोऱ्या करकरीत ऑसिलेटरची लहरही तशीच वाकडी आली, तेव्हा बाबुश चपापला. खाऱ्या वाऱ्याने गंजू नयेत म्हणून तो चिमट्यांना दर आठवड्याला खोबरेल चोपडायचा. त्याच तेलाचा चिकट, हिरवा थर त्यांच्यावर बसला होता. त्याने चिमटे घासून पुसले, मला पुन्हा लावलं. माझी लहर अगदी नीट आली. त्याने लगेच फोन केला.

“टीचर, सेट वाजतलो! खंय आसा तो?”

“भंगारवाल्याक दिलंय रे, तेणा तो दारातच फोडल्यान. तूच सांगलंस मां, होणा नाय म्हणान.”

बाबुशने फोन ठेवला आणि खोबरेलाची बाटली कचऱ्यात टाकली. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं. मित्रांनो, जुन्या वस्तूला नावं ठेवण्याआधी आपल्या हातातलं साधन एकदा पुसून बघा. मी आजही धडधाकट आहे, पण टीचरना लिओनच्या सेटचा आवाज आता कोणीच ऐकवू शकत नाही.