पोटुशीची तपासणी

आमच्या कारखान्यात चालू भांड्याला ‘पोटुशी’ म्हणतात. हे नाव कोणी पाडलं देव जाणे, पण कुठल्याही बाईला विचारून पाडलेलं नसणार. भांडं म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात अर्धं उतरवून उभं केलेलं, दोन पुरुष उंचीचं जाड पोलादी नळकांडं. तळाशी गारगोटीचे तुकडे, वर तारेला टांगलेल्या स्फटिकाच्या पातळ चकत्या आणि काठोकाठ सोड्याचं पाणी. झाकण आवळायचं, तापवायचं, आणि आतला दाब इतका चढवायचा की विचारू नका. मग महिनोन्‌महिने गारगोटी विरघळून चकत्यांवर स्फटिक चढत जातो. मध्येच थंड केलं तर तो तडकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पोटुशी. तिला धक्का लावायचा नाही, आणि तिची तपासणी तर नाहीच नाही.

तपासणी करणं हीच माझी नोकरी. आणि ‘नाहीच नाही’ म्हणणारा कारखान्याचा प्रमुख म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही एकाच कॉलेजात एकच विषय शिकलो. मार्क त्याला जास्त पडले, जीभ माझ्या वाट्याला आली.

त्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या भांड्याचं आवरण थोडं उसवून मी आत पाहिलं, तर पोलादावर पांढरं मीठ फुटलेलं. झाकणाच्या कडेला असं मीठ नेहमीच दिसतं. सोड्याचं पाणी जरासं झिरपतं, वाळतं, पुसलं की झालं. पण हे मीठ झाकणाला नव्हतं, भांड्याच्या कमरेला होतं. तिथे जोडच नाही. जोड नसलेल्या जागी पाणी येतंय म्हणजे पोलादाला चीर गेली आहे.

“अहो, ते मी रोज पुसतो,” शेजारी उभे असलेले भट्टीवाले काका म्हणाले. “साहेबांनीच सांगितलंय.”

मी तडक दादाच्या केबिनमध्ये शिरले.

“दादा, कोपऱ्यातली फुटणार आहे.”

“झिरपतेय म्हण. लगेच फुटणार काय? दिवस भरत आलेत तिचे. एकदा मोकळी झाली की बघ काय बघायचं ते.”

“शेवटची तपासणी कधी केलीस तिची?”

“पोटुशीची कसली तपासणी, बाई?” तो हसला. हा त्याचा ठेवणीतला विनोद.

माझं डोकंच फिरलं. “पोटुशीचीच तर तपासणी करतात, दादा! वहिनीला दिवस गेले तेव्हा दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहायचं? शेजारी?”

त्याचं हसू मावळलं. “आत्ता थंड केली तर ऑर्डर गेली. ऑर्डर गेली की सगळ्यांच्या पोटावर पाय. तुझ्यासुद्धा.”

“आणि भिंतीपलीकडे स्फटिक कापायची खोली आहे. त्या बायकांचं काय?”

“मला शिकवू नकोस,” तो म्हणाला आणि समोरची फाइल उघडून बसला.

मी शिकवलं नाही. बाहेर येऊन कोपऱ्यातल्या भांड्याची वीज बंद केली आणि खटक्याला माझं कुलूप ठोकलं. आमच्याकडे नियम आहे, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. काका माझ्याकडे बघून “अगं बाई गं!” म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

वीज गेली तरी भांडं काही लगेच निवत नाही. तोवर पलीकडे कोणी असता कामा नये, म्हणून मी कापणीच्या खोलीत धावले. तिथे बायका करवतीच्या चाकांवर वाकून बसल्या होत्या. त्यांच्या आणि भांड्याच्या मध्ये एक साधी विटांची भिंत. खोलीची मुकादम माझी वहिनी, म्हणून घाईत सवयीनेच पहिल्यांदा तिच्या मशीनकडे गेले. खुर्ची रिकामी होती.

“त्या नाही येत हल्ली,” शेजारची म्हणाली. “पाठ धरलीय ना. साहेबांनी घरीच बसवलंय.”

पाठ? कालच संध्याकाळी मी वहिनीकडे गेले होते. बाईसाहेब स्टुलावर चढून पडदे काढत होत्या. “मला काय धाड भरलीय? तुझा भाऊच म्हणाला, थोडी सुट्टी घे,” असं वर हसत म्हणालीही होती. तेव्हा मला दादाचं कौतुक वाटलं होतं. आता त्या सुट्टीचा अर्थ लागला. मीठ पुसायला सांगणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याला माझ्याइतकंच कळत होतं, आणि आपल्या बायकोपुरतं त्याने वागूनही दाखवलं होतं. मला त्याची इतकी लाज वाटली की रडूच आलं, पण रडायला वेळ नव्हता.

“मशिनी बंद करा,” मी ओरडले. “आहे तसं टाका आणि अंगणात चला.”

बायकांना बाहेर काढून, काकांनाही त्यांच्यामागे पाठवून मी वळते, तोच दादा तरातरा आला. चेहरा लालबुंद.

“वीज कोणी घालवली? चावी दे.”

“देते की.”

सगळ्या जणी ऐकत होत्या. तो हात पुढे करून उभा राहिला. लहानपणी माझ्या हातातली वस्तू तो असाच मागायचा, आणि मी मुकाट्याने द्यायची.

“आधी वहिनीला फोन लाव,” मी म्हणाले. “तिला म्हणावं, सुट्टी संपली. ये, तुझ्या खुर्चीवर बस, मशीन चालू कर. ती तिथे बसली की मी स्वतः कुलूप काढते.”

बायकांमध्ये कुजबूज झाली. वहिनीच्या शेजारी बसणारी बाई दादाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

फोन त्याच्या वरच्या खिशातच होता. त्याने त्याला हातही लावला नाही.