मिटलेल्या खिडकीतलं कीर्तन

कीर्तनातून मधेच उठू नये, आणि उठावंच लागलं तर समोरची पोथी उघडी टाकून उठू नये, हे उषाताईंना वडिलांनी, कीर्तनकार गणपतराव बुवांनी, म्हणजे अप्पांनी, लहानपणीच लावलेलं वळण. सगळा घोटाळा झाला तो या वळणापायीच.

बुवांचं शेवटचं कीर्तन एका जुन्या कॅसेटवर होतं. वाडीतल्या गुजराती दुरुस्तीवाल्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि हात टेकले. "बेन, एक वार वागशे," तो म्हणाला. म्हणजे एकदा वाजेल, पुढचं देवाला ठाऊक. तेव्हा वाजेल त्या एकाच वेळी ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची, असं सून देवश्रीने ठरवलं.

कारेलीबागच्या घरात दुपारी टेपरेकॉर्डर वायरने लॅपटॉपला जोडला. पडद्यावर एक काळी खिडकी आणि तिला चार खण. एकात कीर्तन उतरतंय, दुसऱ्यात आवाजाची पट्टी हलतेय, तिसऱ्यात प्रत निघतेय, चौथ्यात माझं ऑफिसचं काम, असं देवश्रीने समजावलं. उषाताईंना कळलं ते इतकंच, की या मिसळणाच्या डब्यात कुठल्यातरी खणात अप्पा आहेत.

तेवढ्यात नातवाच्या, ओजसच्या ट्यूशनमधून फोन आला, पोराला ताप भरलाय. देवश्री स्कूटरची किल्ली घेऊन निघाली. जाताना कशाला हात लावू नका, नुसतं ऐका, म्हणाली.

उषाताई ऐकत बसल्या. अप्पांनी पूर्वरंग संपवला, एक चरण तसाच अधांतरी सोडला आणि गजर धरला. ही बुक्का लावायची वेळ. बुक्का देवघरात. पण उघडं टाकून उठायचं कसं? व्हिडिओ कॉल संपला की कोपऱ्यातली फुली दाबायची, एवढं त्यांना येत होतं. त्यांनी ती दाबली. कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी भिडेखातर होकार दिला.

बुक्का घेऊन परतल्या तर काळी खिडकी नाही, खण नाहीत. पडद्यावर नुसता फोटोतला दात पडलेला ओजस हसतोय.

टेप मात्र फिरत होती. अप्पा आख्यानाला लागले होते. टेप थांबवावी, तर पुन्हा लावताना तुटायची. चालू ठेवावी, तर एकेक शब्द वाया चाललेला. बटणावर बोट नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. देवश्री फोन उचलेना. शेवटी त्या खाली बसल्या. उरायचं नसेल तर निदान नीट ऐकावं तरी, म्हणून ओठांनी प्रत्येक शब्द अप्पांच्या मागोमाग म्हणू लागल्या.

देवश्री आली ती ओजसला खांद्यावर घेऊनच. उषाताईंनी नुसतं पडद्याकडे बोट केलं.

"बंद केलंत, आई?"

"पोथी उघडी राहिली होती गं."

देवश्रीने ओजसला कोचावर टेकवलं आणि उभ्याउभ्याच एक ओळ टाइप केली. काळी खिडकी उघडली. चारही खण जागच्या जागी, आणि अप्पांच्या आवाजासरशी पट्टी नाचतेय.

"मी तर मिटलं होतं," उषाताई म्हणाल्या.

"तुम्ही खिडकी मिटलीत. काम मागे चालूच होतं. टीमक्स म्हणतात याला. खिडकी नुसती बघण्यापुरती, आई."

"मग कुणी बघत नव्हतं, तेव्हा हे होतं कुठे?"

"इथेच."

"इथे म्हणजे?"

देवश्रीने पडद्यावरच्या खणावर बोट ठेवलं. तेवढ्यात आख्यान संपवून अप्पा नेमके त्या अधांतरी सोडलेल्या चरणावर येऊन उतरले. इतका वेळ तो चरण कुठे ठेवलेला असतो, हे उषाताईंनी लहानपणी एकदा त्यांना विचारलं होतं. अप्पांनी हसून त्यांच्या कपाळाला नुसता बुक्का लावला होता.

आरती झाली, आणि कट्‌ असा आवाज येऊन टेप तुटली. देवश्रीने खणातला आकडा पाहून मान डोलावली. सगळं उतरलं होतं.

उषाताईंनी बुक्क्याचं बोट लॅपटॉपकडे नेलं.

"आई, तिथे नको हं."

मग तो बुक्का ओजसच्या तापलेल्या कपाळाला लागला. "इथे म्हणजे कुठे गं पण?" त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मिठाच्या पाण्याची घडी आणायला उठल्या. जाताना त्यांनी पडद्यावरची खिडकी उघडीच ठेवली.