भरिताची बियर

बियर म्हटलं की धरणगावच्या भाईदासच्या तोंडाला पाणी सुटायचं. पण परवडणारी ती पिवळी बियर त्याला निव्वळ पाणचट लागायची. कापूस विकायला जळगावला आला की तो त्यावरून बारमालकाशी हटकून भांडायचा. त्या दिवशी मालकाने वैतागून धूळ बसलेली एक बाटली त्याच्यापुढे आदळली.

"काळी आहे म्हणून कोणी हात लावत नाही. अर्ध्या किमतीत घ्या, पण माझं डोकं खाऊ नका!"

भाईदासने घोट घेतला आणि तो खुर्चीतून उडालाच. "अरे, हाई तं पऱ्हाट्यासवर भाजेल वांगं शे!"

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणजे त्याचा जीव की प्राण. तोच धूर, तोच खमंग कडवटपणा! दोन बाटल्या रिचवून तो एसटीत गात गात घरी आला.

दारातच बायकोने, पुष्पाबाईने, त्याचं तोंड हुंगलं. बियरवरून बोलणी खायला तो तयारच होता. तिला मात्र भलत्याच चुलीचा संशय आला आणि तिने पदर खोचला.

"भरीत? कोना घर खाई उनात?"

"मायनी आन," भाईदास कळवळून ओरडला, "बियर पी उनू वं, नुसती बियर!"