पहिल्या धडधडीची वीस मिनिटे

या मित्रांनो, असे जवळ या. बॉनेट उघडेच आहे. कोपर टेकवायचे तर खुशाल टेकवा, मी आत्ता थंड आहे. लोकांच्या कौतुकाने माझा जीव कसा जाणार होता आणि एका गायलेल्या प्रवचनाने तो कसा वाचला, ती गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

मी एक जुने इंजिन आहे. आठ सिलिंडरचे, ओतीव लोखंडाचे, शर्यतीसाठीच जन्माला आलेले. डेट्रॉइटमध्ये वितळलेले लोखंड साच्यात पडले आणि मला आकार आला. चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे, जोडलेल्या मनगटांतून दोन तळहात उघडावेत तसे. पण माझे खरे वैभव डोक्यात आहे. जिथे ठिणगी पडून पेट्रोल पेटते ती जागा इतर इंजिनांत चपटी असते. माझी आहे नारळाच्या करवंटीसारखी गोल. एका अंगाने हवा आत येते, दुसऱ्या अंगाने धूर बाहेर जातो, वाटेत आडकाठी नाही, आणि प्लग बरोबर मधोमध. देवाने श्वास सगळ्यांनाच दिला, मला जरा सढळ हाताने दिला. हा गर्व झाला खरा. पण देणाऱ्याचे नाव घेऊन सांगितले की तेवढा गर्व माफ असतो, असे आमच्या चर्चचे धर्मगुरू रेव्हरंड स्टॉलवर्थ म्हणतात.

माझे मालक हरशेल गेन्स ओतशाळेत कामाला होते. शनिवारी पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर ते मला पळवायचे आणि रविवारी चर्चमध्ये दानाचे ताट फिरवायचे. नखांतले ग्रीस तेव्हाही निघालेले नसायचे. पट्ट्यावर माझ्याकडून हरलेली माणसेसुद्धा नंतर माझ्यापाशी येत, हात पाठीमागे बांधून वाकत आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहत.

त्यांना सर्वांत आवडायची ती माझी संथ चाल. माझ्या पोटात कॅमचा दांडा आहे. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे आहेत आणि तेच माझे व्हॉल्व्ह उघडतात. माझे उंचवटे जास्तच उंच. म्हणून भरधाव असताना मी गर्जते, पण उभ्या गाडीत हळू फिरताना अडखळते. धड, धड-धड, मग जरा थांबून एक श्वास, पुन्हा धड. नवख्याला वाटते, हे आजारी आहे. जाणकार डोळे मिटून घेतो.

"आमचे रेव्हरंड बोलता बोलता गायला लागतात ना, त्याच्या आधी अगदी असाच श्वास ओढतात," हरशेल सगळ्यांना सांगायचे.

"तुमचे रेव्हरंडही एवढंच पेट्रोल पितात का?" त्यांचा मित्र कॅझ विल्कोश विचारायचा. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक गावातल्या आपल्या लहानशा कारखान्यात तो कॅम घासून द्यायचा. मला त्याच्याच हातचा कॅम होता.

पुढे पेट्रोल महागले, ओतशाळा बंद पडली, हरशेल शहराच्या बस चालवू लागले. माझ्यावर ताडपत्री आली. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला. बॉनेटवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चढले. कित्येक वर्षे मी गंजाची चव चाखत पडून होते.

ताडपत्री ओढली ती हरशेल यांच्या मुलीने, लुव्हेनियाने. ती विमानतळावर यंत्रदुरुस्तीचे काम करायची. बापाला आता नीट ऐकू येत नव्हते. ओतशाळेच्या गोंगाटाने दोन्ही कान खाल्ले होते, उजव्यात थोडे उरले होते.

"तेवढं आहे तोवर याची चाल ऐकायची आहे, पोरी," ते म्हणाले होते.

बाप-लेकीने मला पूर्ण उघडले. झिजलेले सिलिंडर आतून तासून रुंद करून देणाऱ्याने सांगून टाकले, "हे शेवटचं. पुन्हा केलंत तर भिंत नाही, कागद उरेल." आणि नवा कॅम मिळाला तो कॅझच्या विधवेकडून. त्याने मरण्यापूर्वी माझ्यासाठी घासून तेलकट कापडात गुंडाळून ठेवला होता. तसा दुसरा घासणारा आता नव्हता.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथे आहे. नवा कॅम आणि त्याच्यावर घासत व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट यांची पहिली ओळख फार नाजूक असते. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की ते जोरात, एका वेगाने, वीस मिनिटे फिरवावे लागते. तेव्हाच तेल उडून त्या उंचवट्यांवर पोचते. संथ सोडले की उंचवटे कोरडे पडतात, झिजून सपाट होतात, आणि लोखंडाचा तो चुरा तेलातून सगळ्या अंगात फिरतो. पण हौशी माणसाला दम कुठला? इंजिन पेटले की त्याला आधी ती चाल ऐकायची असते. माझ्या जातीची कितीतरी इंजिने शर्यतीत नाही, कौतुकात मेली.

शनिवारी दुपारी अर्धे चर्च अंगणात जमले. कोळशावर डुकराच्या बरगड्या भाजल्या जात होत्या. चर्चमध्ये सगळे ज्यांना सिस्टर म्हणत, त्या युलालींनी रताळ्याची गोड पाई भाजून आणली होती. रेव्हरंड स्टॉलवर्थ यांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्यांच्या मानाने आटोपशीर. मग चावी फिरली.

मी पेटले. लुव्हेनियाने पेट्रोलचा ओघ वाढवणारा कार्ब्युरेटरचा खटका बोटाने धरून मला वेगात ठेवले. अंगण हादरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि लगेच त्यांचा आग्रह सुरू झाला.

"झालं की! आता सोड त्याला. चाल ऐकू दे."

"अजून नाही," लुव्हेनिया म्हणाली.

"अगं, एक मिनिट. तेवढ्यानं काय होतंय?"

"जेवण गार होतंय," सिस्टर युलाली म्हणाल्या.

मग हरशेल स्वतः पुढे आले. उजवा कान माझ्याकडे करून उभे राहिले. "पोरी, जरासं खाली आण. मला एकदाच ऐकू दे."

"डॅडी, हे मला कोणी शिकवलं?"

"मीच. आणि आता मीच सांगतोय."

तिचे डोळे भरले, पण बोट हलले नाही. माझ्या आचेने तिचे मनगट लाल झाले होते. बापाला नाही म्हणायचे, तेही सगळ्या चर्चसमोर, हे त्या घरात आजवर घडले नव्हते. हरशेल यांचा हात तिच्या हाताकडे गेला. तेव्हा ती वळली.

"रेव्हरंड, प्रवचन करा. लांबलचक."

क्षणभर कोणालाच कळेना.

"आजवर हे कोणी मागितलं नव्हतं," रेव्हरंड म्हणाले.

"मागायची गरज कुठे पडते?" सिस्टर युलाली म्हणाल्या. "ईस्टरला तुमचं संपेपर्यंत माझं हॅम दोनदा गरम करावं लागलं."

रेव्हरंडांनी मान खाली घालून माझा आवाज ऐकला. मी एकाच सुरात घुमत होते. त्यांनी तोच सूर धरला आणि देवाने कबूल केलेल्या देशाकडे रानातून चालणाऱ्या लोकांची बायबलातली गोष्ट काढली. देश समोर दिसतो आहे, पण आत जायचे नाही, अजून नाही. आधी बोलणे होते, मग ओळी लांबू लागल्या, मग त्या गाऊ लागल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी "अजून नाही", आणि लोक टाळ्यांच्या ठेक्यावर उत्तर देत, "सांगा, रेव्हरंड." मित्रांनो, मी पट्ट्यावर पुष्कळ जयजयकार ऐकला आहे. पण माझ्या सुरावर कोणी देवाचे नाव गायले, ते त्याच दिवशी.

हरशेल यांचा हात अर्ध्या वाटेत थांबला होता. तो त्यांनी मागे घेतला. मग बागेची नळी उचलली आणि ते माझ्या रेडिएटरवर पाणी मारू लागले. बोलणी खाल्लेल्या माणसासारखा चेहरा करून, पण मन लावून. ओठांवर तेच होते, अजून नाही.

लुव्हेनियाने घड्याळ पाहिले, वीस मिनिटे भरली होती, आणि बोट हळूच सैल केले. मी खाली उतरले. धड, धड-धड, एक श्वास, धड. जाणकारांनी डोळे मिटले. रेव्हरंडांनीही.

हरशेल यांनी उजवा कान इतका जवळ आणला की त्यांच्या टोपीला माझे तेल लागले.

"सातव्या सिलिंडरचा टॅपेट थोडा सैल आहे," ते म्हणाले.

"ऐकू आलं तुम्हांला?" लुव्हेनियाने विचारले.

"आलं. गरम आहे तोवर घट्ट करून घे."

तिने पाना उचलायला उजवा हात पुढे केला, पण आखडलेली बोटे उघडेनात. हरशेल यांनी ती एकेक करून उघडली आणि पाना स्वतः घेतला.

त्यानंतर मला किती बक्षिसे मिळाली, किती लोक येऊन डोळे मिटून उभे राहिले. माझ्यासारखी इंजिने आता नव्याने होत नाहीत. कुठे भेटलीच तर त्यांच्या आवाजावर खुशाल जीव टाका, पण त्यांना तेल पोचू द्या, वेळ द्या. आणि माझी संथ चाल ऐकून तुम्हांला बरे वाटले, तर आपल्या बापाला "अजून नाही" म्हणून भाजत्या हाताने खटका धरून उभ्या राहिलेल्या लुव्हेनिया गेन्सची आठवण ठेवा.